परिणामरमणीय

ग्रीष्माचे दिवस कसे असतात हे सांगताना ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या प्रस्तावनेतला सूत्रधार चार गोष्टी मोजतो: पाण्यात डुंबणे सुखाचे वाटते, पाटलफुलांच्या संगतीने रानवारा सुगंधी होतो, दाट सावलीत झोप चटकन लागते आणि दिवस अखेरीकडे रमणीय होत जातात. पहिल्या तीन गोष्टी कोणत्याही ऋतुवर्णनात शोभल्या असत्या. चौथीसाठी मात्र कालिदासाने ‘परिणामरमणीय’ असा जो सामासिक शब्द योजला आहे, तो हवामानापाशी थांबत नाही. आजच्या मराठीत ‘परिणाम’ म्हणजे एखाद्या कारणातून निघालेले फळ. संस्कृतात मात्र एखादी वस्तू हळूहळू वळत, पिकत आपल्या शेवटच्या रूपाला पोचते त्या सबंध वाटचालीला तो शब्द लागतो, आणि म्हणूनच पिकल्या वयालाही लागतो. सकाळपासून होरपळून काढणारा दिवस कलला की सुंदर होतो हे ज्याने उन्हाळा भोगला आहे त्याला सांगावे लागत नाही. पण हेच विधान माणसाच्या आयुष्याबद्दल करता येईल काय, हा प्रश्न त्या एका शब्दाने अलगद पुढे ठेवला आहे. सूत्रधार तो उच्चारतो तोही नेमक्या प्रसंगी, म्हणजे नटीला उन्हाळ्यावरचे गाणे म्हणायला सांगताना.

नटी गाते, शिरीषाच्या कोवळ्या फुलांचे गाणे, आणि सबंध प्रेक्षागृह चित्रासारखे निश्चल होते. सूत्रधाराची अवस्था त्याहून गमतीची आहे, कारण आता कोणते नाटक करावे असे तो नटीलाच विचारतो आणि ते तर आधीच ठरले आहे असे तिला सांगावे लागते. विस्मरणाच्या कथेवर उभ्या असलेल्या नाटकाचा प्रारंभ गाण्याने घडवलेल्या विस्मरणाने व्हावा, ही योजना टीकाकारांनी पुष्कळदा वाखाणली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाची परंपरा तेथून वाहू लागली, तेव्हा गाणे ऐकून नाटक विसरणारा प्रेक्षकही बहुधा तेथूनच मराठी मुलखात रुजला असावा. नाट्यसंगीताच्या पुढच्या इतिहासात त्याचे पुरावे वाटेल तितके सापडतात.

उन्हाळ्याचे गाणे विसरायला लावते, हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा पाचव्या अंकाच्या आरंभी येतो. राजा दुष्यंत विदूषकाबरोबर बसलेला असताना संगीतशाळेकडून हंसपदिकेचा आवाज येतो; आंब्याच्या मोहोराला बिलगलेला भुंगा कमळात रमून मोहोराला विसरला, असा तिच्या गाण्यातला उपालंभ आहे. राजा आधी हसतो, तिची समजूत घालायला विदूषकाला धाडतो, आणि मग एकाएकी अस्वस्थ होतो. प्रिय माणसाचा विरह नसताना हे गाणे ऐकून मन इतके हुरहुरते का, असे तो स्वतःला विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो: सुंदर वस्तू पाहून किंवा गोड स्वर ऐकून सुखात असलेला माणूसही जेव्हा व्याकुळ होतो, तेव्हा पूर्वजन्मींचे, मनात खोल रुतून बसलेले स्नेहसंबंध त्याला त्याच्याही नकळत आठवत असले पाहिजेत. नाटकातल्या घटनाक्रमात याचे कारण साधे आहे, कारण शापामुळे तो शकुंतलेला विसरला आहे आणि गाणे त्या विसरलेल्या जागेवर बोट ठेवते. कालिदासाने मात्र राजाच्या तोंडून जे सांगितले ते एका शापित राजापुरते ठेवले नाही. तेथे कर्ता ‘प्राणी’ आहे, म्हणजे जो कोणी जिवंत आहे तो.

देवनागरी पाठपरंपरेत यानंतर लगेच जो प्रवेश करतो त्याच्याकडे मात्र वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. तो म्हातारा कंचुकी आहे, म्हणजे अंतःपुराची व्यवस्था पाहणारा वृद्ध अधिकारी. आत येताच तो स्वतःच्या अवस्थेकडे पाहून म्हणतो की, जी वेताची काठी अधिकाराची खूण म्हणून, केवळ रिवाज म्हणून हाती घेतली होती, तीच इतक्या वर्षांनी अडखळत्या पावलांचा आधार झाली आहे. वार्धक्याचे इतके नेमके वर्णन संस्कृत साहित्यात क्वचितच सापडेल, कारण येथे काठी बदललेली नाही, हातही तोच आहे. बदलला आहे तो दोघांमधला संबंध. योगदर्शनाने परिणामाचे तीन प्रकार सांगितले आहेत: मातीच्या गोळ्याचा घडा होतो तो धर्मपरिणाम, तो घडा भविष्यातून वर्तमानात आणि वर्तमानातून भूतकाळात जातो तो लक्षणपरिणाम, आणि घडा घडाच राहून क्षणाक्षणाने नव्याचा जुना होत जातो तो अवस्थापरिणाम. कंचुकीची काठी हे या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून कोणत्याही भाष्यात घालता आले असते. जुन्या गाण्याचेही तसेच असते, कारण ध्वनिमुद्रिकेतला स्वर रेसभरही हललेला नसतो आणि तरी विसाव्या वर्षी मिरवण्यासाठी म्हटलेले गाणे साठाव्या वर्षी आधाराला घ्यावे लागते.

कंचुकीच्या मनात आणखी एक विचार आहे. राजा नुकताच न्यायासनावरून उठला आहे, त्याला लगेच नवे काम सांगावे की नाही, असा त्याला संकोच वाटतो; पण सूर्याने एकदा जुंपलेले घोडे सोडले नाहीत, वारा रात्रंदिवस वाहतो, शेष पृथ्वीचा भार खाली ठेवत नाही, मग राज्यकर्त्याला तरी विसावा कोठून, अशी तो स्वतःची समजूत घालतो. गाणे, म्हातारपण आणि सुट्टी हे तीन विषय कालिदासाने अशा रीतीने एका पानावर आणून ठेवले आहेत. मराठीत ‘सुट्टी’ या शब्दाचे नाते ‘सुटणे’ या क्रियापदाशी आहे, त्यामुळे कचेरीतल्या रजेच्या अर्जाचा आणि मोक्षशास्त्राचा शब्दार्थ अगदी जवळजवळ येतो, ही गोष्ट दोन्हीकडच्या मंडळींना फारशी रुचणार नाही. धर्मशास्त्रात वेदाध्ययन थांबवण्याच्या दिवसांना ‘अनध्याय’ म्हणतात आणि अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी अशा तिथींना तो असतो. पण आठवड्याच्या ठरावीक वारी सर्वांनाच काम नसावे ही कल्पना मुंबईच्या गिरणी कामगारांना झगडून मिळवावी लागली, आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली गिरण्यांमध्ये रविवारची सुट्टी मान्य झाली. सूर्याचे घोडे सुटत नाहीत म्हणून गिरणीतला माणूसही सुटू नये, हा न्याय तेव्हापासून मोडीत निघाला.

सुट्टी, गाणे आणि वय यांची सांगड आजच्या जगात सर्वांत पद्धतशीरपणे घातली आहे ती अमेरिकेने. यादवी युद्धातल्या मृत सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा दिवस तेथे १८६८ पासून ३० मे रोजी पाळला जाई; १९६८च्या कायद्याने तो, आणि त्याच्याबरोबर आणखी काही सुट्ट्या, सोमवारवर नेण्यात आल्या आणि १९७१ पासून मे महिन्याचा शेवटचा सोमवार हा स्मृतिदिन झाला, म्हणजे शनिवार, रविवार आणि सोमवार अशी सलग तीन दिवसांची सुट्टी लोकांच्या हाती आली. मृतांच्या स्मरणाचा दिवस त्यामुळे उन्हाळ्याचे उद्घाटन होऊन बसला, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा कामगार दिन त्याचा समारोप, आणि या दोन सोमवारांमध्ये कोणते गाणे देशभर वाजले याची ‘बिलबोर्ड’ हे संगीतविषयक नियतकालिक वेगळी क्रमवारी लावते. समुद्रकिनारा, मोटारी आणि शाळेची सुट्टी यांवर गाणी रचून गाजलेल्या ‘बीच बॉइज’ या वाद्यवृंदाच्या जुन्या गाण्यांचा संग्रह १९७४ साली निघाला, त्याचे नाव ‘न संपणारा उन्हाळा’ अशा अर्थाचे होते आणि तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. संग्रहातली बहुतेक गाणी तेव्हा पुरती बारा वर्षांचीही झाली नव्हती. दशकभरात एखादी पिढी म्हातारी होत नाही. तरीही त्या पिढीला आपला उन्हाळा संपल्याचे ऐकू आले, एवढे मात्र या विक्रीवरून दिसते.

या भावनेला युरोपने आधी रोग मानले होते. योहानेस होफर या स्विस वैद्याने १६८८ साली बाझेलच्या विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला तो घरापासून दूर राहणाऱ्यांच्या व्याधीचे नाव म्हणून, आणि परदेशी सैन्यांत भाडोत्री चाकरी करणारे स्विस सैनिक हे पुढे या व्याधीचे ठरीव उदाहरण होऊन बसले. या रोगाच्या चर्चेत लवकरच एक गाणे शिरले. आल्प्सच्या कुरणांत गाईगुरांना हाकताना गुराखी जी धून वाजवत, म्हणजे एका अर्थी निखळ उन्हाळ्याचे संगीत, ती ऐकली की सैनिक रडू लागत, पळून जात किंवा झुरून मरत, म्हणून ती वाजवण्यास मृत्युदंडाच्या धाकाने बंदी होती असे रूसोने १७६८च्या आपल्या संगीतकोशात लिहिले आहे. रूसोचे त्यावरचे मत अधिक महत्त्वाचे आहे. परक्या माणसावर त्या धुनेचा काहीच प्रभाव पडत नाही, त्या अर्थी ती येथे संगीत म्हणून काम करत नसून केवळ स्मरणाची खूण म्हणून काम करते, असे तो म्हणतो. तीस वर्षांनी कांटने आपल्या मानवशास्त्रविषयक ग्रंथात याच स्विस माणसांबद्दल आणखी एक निरीक्षण नोंदवले: असे लोक गावी परतले की त्यांचा अपेक्षाभंग होतो आणि त्यामुळेच ते बरे होतात, कारण गाव फार बदलले असे त्यांना वाटत असले तरी खरे तर आपले तारुण्य त्यांना तेथे परत नेता येत नाही.

कांटचे हे विधान इतके मार्मिक आहे की त्यातली उणीव चटकन दिसत नाही. हुरहूर गावासाठी नव्हती हे त्याने ओळखले; पण गावाच्या जागी तारुण्य ठेवून त्याने ती पुन्हा एका हरवलेल्या वस्तूला बांधून टाकली. हुरहुरीचा विषय गेलेले तारुण्य हाच असेल, तर ज्यांच्यापाशी तारुण्य आहे त्यांना ती वाटता कामा नये. प्रत्यक्षात मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आजोळच्या ओसरीवर बसलेल्या बारा वर्षांच्या मुलालाही ती वाटते, आणि सुट्टी अजून संपलेली नसताना वाटते; उलट ज्याला सगळे काही मिळाले आहे अशा राजालाही वाटते, हेच तर दुष्यंत सांगत होता. हरवण्याच्या आधी जी लागते ती हुरहूर हरवल्यामुळे लागते असे म्हणणे तर्काला धरून नाही.

हा धागा दहाव्या-अकराव्या शतकांच्या सांध्यावर काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने उचलला होता. भरताच्या नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत रसाची चर्चा करताना तो दुष्यंताचा हाच श्लोक उदाहरणादाखल घेतो आणि म्हणतो की, येथे सांगितलेली स्मृती ही तार्किकांना परिचित असलेली स्मृती नव्हे. तार्किकांची, म्हणजे न्यायदर्शनाची, व्याख्या अशी की पूर्वी घेतलेल्या अनुभवाचा संस्कार मनावर उरतो आणि केवळ त्या संस्कारापासून जे ज्ञान उत्पन्न होते ती स्मृती. येथे मात्र आठवायला असा कोणताच पूर्वानुभूत विषय नाही, म्हणून अभिनवगुप्त तिला ‘प्रतिभान’ असे दुसरे नाव देऊन साक्षात्काराच्या स्वरूपाची ठरवतो. सोप्या भाषेत सांगायचे तर गाणे ऐकणारा मागे पाहत नसतो, तो त्या क्षणी काहीतरी पाहत असतो, आणि त्या पाहण्याला दुसरा शब्द न सापडल्याने तो आठवण म्हणतो. यासाठी पूर्वजन्म मानलाच पाहिजे काय, अशी शंका आजचा वाचक घेईल. मानायचा त्याने मानावा. ‘वासना’, म्हणजे चित्तात अनादि काळापासून मुरलेला ओढीचा वास, ही योगसूत्रांतली कल्पना जगत राहण्याच्या सनातन इच्छेवर उभी आहे, आणि तेवढी इच्छा प्रत्येकाच्या ठायी आहे हे पुनर्जन्म नाकारणाऱ्यालाही कबूल व्हावे.

गाणी ऐकवणाऱ्या बाजाराची गफलत नेमकी येथे होते. विषयाशिवाय उठलेल्या हुरहुरीला तो साल, चित्रपट, नट, ‘सुवर्णकाळ’ असा विषय पुरवतो आणि साक्षात्काराची तार्किकांची स्मृती करून टाकतो. मराठी घरांत अजून म्हटले जाणारे, आगगाडीने मामाच्या गावी जाण्याचे ग. दि. माडगूळकरांचे बालगीत त्यापेक्षा पुष्कळ शहाणे आहे. ते पोचण्याचे नव्हे, जाण्याचे गाणे आहे. आणि मुलाला ते शिकवणारी आई जेव्हा म्हणते, तेव्हा ज्याला मूल मामाचे गाव म्हणते ते तिचे माहेर असते. एकाच चालीवर मूल पुढे बघते आणि आई मागे, आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या उन्हाळ्याची कल्पना नसते. गर्श्विनच्या १९३५च्या ‘पोर्गी अँड बेस’ या संगीतिकेतले जगप्रसिद्ध ग्रीष्मगीत हेही अंगाईगीतच आहे, हा योगायोग नसावा.

तथापि वैराग्याच्या बाजूने येणारा आक्षेप बाजाराच्या गफलतीइतका सहज बाजूला सारता येत नाही. योगसूत्रकार पतंजलीने विवेकी माणसाला सर्व काही दुःखच का वाटते हे सांगताना जी कारणे दिली, त्यांत परिणामदुःख पहिले आहे, म्हणजे सुख भोगताना आसक्ती वाढते आणि अखेरीस त्या सुखाचेच दुःख होते. आणि पुढे संस्कारदुःख आहे, म्हणजे सुखाचा संस्कार उरतो, संस्कारातून स्मरण होते, स्मरणातून पुन्हा हाव सुटते. जुन्या गाण्यांच्या चोखंदळ श्रोत्याचे याहून अचूक निदान कोणी केलेले नाही. म्हणजे एकाच ‘परिणाम’ शब्दाला योगशास्त्र दुःख जोडते आणि कवी रमणीयता जोडतो. या दोघांत निवाडा करायचा तर गीतेच्या अठराव्या अध्यायातला सुखाचा विचार उपयोगी पडतो, कारण तेथे सुखाची प्रतवारी त्याच्या चवीवरून केलेली नसून त्याच्या परिणामावरून केली आहे: इंद्रिये आणि विषय यांच्या संयोगाचे राजस सुख आरंभी अमृतासारखे व परिणामी विषासारखे, आणि सात्त्विक सुख आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे. कानाला गोड लागलेले गाणे पहिल्या प्रकारात पडते हे उघडच आहे. पण या वर्गवारीतून असेही निघते की, एखाद्या सुखाची जात ते भोगण्याच्या क्षणी कळत नाही. ती कळायला वय जावे लागते. ऐन तारुण्यात आवडलेल्या गाण्यांपैकी पुष्कळशी पन्नाशीत ऐकवत नाहीत, ती विषाप्रमाणे नसली तरी शिळ्या भाताप्रमाणे लागतात. आणि एखादेच असे निघते की जे तेव्हा नुसतेच गोड होते आणि आता ऐकताना त्यात त्या वेळी नसलेले काहीतरी असल्यासारखे वाटते. नवे त्या गाण्यात काही आलेले नसते. शिरीषाचे फूल तेच असते, दिवस कललेला असतो.

ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात जरेतल्या दोषांचे वारंवार दर्शन हे ज्ञानाचे लक्षण म्हणून विस्ताराने सांगितले आहे. आज भरलेले शरीर उद्या कसे सुकेल हे ज्ञानी पुरुष तारुण्यातच एकेका इंद्रियाचे नाव घेऊन पाहून ठेवतो, असे त्यांचे विवेचन आहे. स्मरणरंजनाची दिशा मागची, तर या अनुदर्शनाची दिशा पुढची, त्यामुळे दोन्ही परस्परविरुद्ध वाटतात. पण सुट्टी संपण्याआधीच हुरहुरणारे मूल आणि वार्धक्य येण्याआधीच ते पाहणारा ज्ञानी यांच्यात वाटते तितके अंतर नाही. मुलाला काय दिसले ते सांगता येत नाही, एवढाच मोठा फरक.

विषय नसलेली हुरहूर आणि विषय सापडलेली आठवण यांतला भेद कालिदासाने पुढच्याच अंकात दाखवला आहे. कोळ्याजवळ सापडलेली अंगठी पाहून दुष्यंताला सर्व आठवते, आता हुरहुरीला नाव आहे, चेहरा आहे, अपराधही आहे. आणि त्या आठवणीपायी तो पहिली आज्ञा करतो ती वसंतोत्सव बंद करण्याची. आमच्या वेळची गाणी आता राहिली नाहीत असे म्हणून नव्यांच्या आनंदावर पाणी ओतणारे ज्येष्ठ याच राजाज्ञेची घरगुती अंमलबजावणी करत असतात, फक्त त्यांच्यापाशी दुष्यंताइतके कारण नसते. नाटकात ही अंमलबजावणी म्हाताऱ्या कंचुकीकडे येते. झाडांनी आणि पाखरांनीसुद्धा आज्ञा मानली, मोहोर खोळंबला, कोकिळांचा आवाज गळ्यातच अडकला, असे तो सांगतो. पण तो प्रमदवनात पोचतो तेव्हा बाहेरगावाहून थोड्याच दिवसांपूर्वी आलेल्या, बंदीची वार्ताही न ऐकलेल्या दोन मुलींपैकी एकीने टाचा उंचावून आंब्याचा एक कोंब खुडून मदनाला वाहिलेला असतो.